एक दिनमा काय व्हस?

(दृश्य : चूल, त्यावर उपडं मातीचं खापर. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सकाळ, खान्देशातला अमळनेर तालुका)

आधी हे हात बघा. कणीक इतकी सैल की ताटात ठेवली तर पसरते. आत हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, गुळातलं. मग दोन्ही हातांवर झुलवत, फिरवत पोळी वाढत जाते, कोपरापर्यंत येते आणि एका झटक्यात खापरावर पडते. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या. जाळ वाढला तर पोळी करपते, कमी पडला तर चिकटते. खापर तापलं का, हे पाण्याचा शिपका मारला की आवाजावरून कळतं. असे हात आता गावात थोडेच, म्हणून कॅमेरा इथे जरा जास्तच रेंगाळलाय.

या आजींना मधुमेह आहे. बरीच वर्षं.

(दृश्य : पंगत. पोळी, आमरस, रशी, कुरडई)

लेकी माहेरी आल्यात, लिंबाला झोके बांधलेत. आजींच्या पानात पहिली पोळी पडते, वर रस. सून काही बोलायच्या आत आजी म्हणतात, "एक दिनमा काय व्हस?" एका दिवसाने काय होतं?

आजींना ठाऊक नाही, असं समजू नका. कोणत्या फळानं साखर किती चढते, हे त्या दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा नीट सांगतात. पण रस आत्ता समोर आहे, आणि डोळ्यांचा, किडनीचा त्रास कधीतरी पुढे. जवळचा आनंद मोठा दिसतो, लांबचं नुकसान लहान. हा आजींचा हट्ट नाही, माणसाच्या मनाची ही घडणच आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अंदाज बांधताना मन करतं त्या ठरावीक चुकांवर लेख लिहिला. पुढे २००२ मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र अजून एकच निदान चालतं : पेशंट पथ्य पाळत नाही.

शिवाय पुरणात गूळ आहे, साखर नाही, हा दिलासा. रक्ताला तो फरक फारसा कळत नाही.

(दृश्य : कपाट. साड्यांच्या घडीमागे ग्लुकोमीटरची पिशवी)

पोराने हौसेने आणलेलं यंत्र. स्ट्रिपच्या डबीवरची तारीख उलटून गेलीय. "आज आकडा वाईट येईल," म्हणून आज तपासायचं नाही. आणि ज्या दिवशी चांगला येईल असं वाटतं, त्या दिवशी गरजच काय?

तालुक्याला तपासणीला जायचं ठरलं की मात्र आठवडाभर आधीपासून कारलं आणि मेथी. उपाशीपोटीची साखर छान येते, सगळे खूश. एचबीए१सी ही रक्ततपासणी मात्र साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब मांडते. तिच्यापुढे आठवड्याचं कारलं टिकत नाही.

(दृश्य : ओटा, संध्याकाळ. आजोबांची मुलाखत)

आजोबांचा मुद्दा इन्सुलिनचा. गल्लीतल्या एकाला सुई सुरू झाली आणि वर्षात पाय गेला. तेव्हापासून ओट्यावर पक्कं ठरलंय : सुई लागली की माणूस संपला. पायाची जखम सुईच्या किती आधीची होती, हे कुणी विचारत नाही. सुई उशिरा आली, म्हणून नावही तिचंच आलं.

(दृश्य : चैत्रातले पदयात्री, सप्तशृंगी गडाची वाट, डांबरी रस्ता)

हे आखाजीच्या आधीचं चित्रण. खान्देशातून हजारो पावलं वणीच्या गडाकडे निघतात. झेंडे, डफ, डोक्यावर ऊन. बरेच जण अनवाणी. "एवढी वर्षं चालतोय, काही झालं नाही." मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर चटका कळत नाही, आणि चटका कळला नाही म्हणजे पाय ठणठणीत, असाच अर्थ घेतला जातो. बधिरपणा तपासायला नायलॉनचा एक धागा पुरतो. तळव्याला टेकवायचा आणि विचारायचं, लागतंय का? न कळलेल्या फोडातून जखमा चिघळतात, काहींचं बोट जातं, काहींचा पाय.

(दृश्य : पुन्हा स्वयंपाकघर, काही दिवसांनी)

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. एवढ्यांना रागावून कोण पुरणार? या घरातल्या सुनेने रागावणं सोडलं. नव्या स्ट्रिप आणल्या आणि ग्लुकोमीटर चहाच्या डब्याशेजारी ठेवला. साखर, चहा, यंत्र एकाच फळीवर. हात आपोआप जातो. जेवणानंतर दोन तासांनी आलेला आकडा कॅलेंडरवर पेनाने लिहायचा, चांगला असो की वाईट. आणि गोडाचा वाटा पान वाढल्यावर नाही, आदल्या दिवशी ठरवायचा. भूक नसताना माणूस बराच शहाणा असतो.

श्रावणात कानबाई येईल, खान्देशातली घरोघरची देवी. तिच्या रोटांना नाही म्हणता येत नाही, तो प्रसाद. किती खायचा याची बोलणी आत्तापासूनच सुरू आहेत : सून चतकोरावर अडलीय, आजी अर्ध्यावर.