हलकी आणि परवडणारी रायफल: कॅटलॉगातल्या वजनाला भुलू नका

(टेबलावर रायफल, बोल्ट काढून बाजूला ठेवलेला. शेजारी प्रवासाची बॅग मोजायचा हातकाटा.)

नमस्कार मंडळी. आधी हे बघून घ्या. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा मागचा सरकता दांडा, बाहेर आहे, नळीतून पलीकडची खिडकी दिसतेय, आणि काडतुसं या खोलीत नाहीतच, ती खाली कुलपात आहेत. हे दाखवलं नाही की पहिल्या दहा कमेंट त्यावरच येतात. आणि बरोबरच आहे त्यांचं.

एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, खिम्याचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय. मसाला कुठला घातला हे कुणी विचारत नाही, "ताई, हलकी आणि स्वस्त रायफल कुठली घेऊ?" एवढंच. तर घ्या.

मी राहते डेन्व्हरजवळ, तेव्हा बोलणार ते कोलोरॅडोचं. चिपळूण-गुहागरकडच्या मंडळींनी हे नुसतं ऐकायचं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. रानडुकरं भातात घुसून काय करतात ते मला सांगू नका, माझं माहेर तिकडचंच. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती आणि ती त्यांनी जन्मभर मुख्यतः तेल लावून पुसली. डुकराचा बंदोबस्त करायचा तर वनखात्याची परवानगी लागते, तो वेगळा विषय. "सुट्टीला येताना बॅगेत एक घेऊन या" असं लिहिणाऱ्या दादांना इथूनच साष्टांग नमस्कार.

दुसरे एच-वन-बीवाले. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकेच्या संघीय कायद्यानं मनाई आहे. चालू शिकार परवाना हातात असेल तर त्याला अपवाद आहे. ग्रीनकार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. पण अपवादाच्या भरवशावर दुकानात शिरण्याआधी वकिलाला फोन करा. रायफलीपायी व्हिसा घालवू नका.

बाकीचं भरभर. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर इथं शिकार परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागतो. मोठ्या जनावरासाठी नळी किमान .२४ कॅलिबरची हवी. गोळी लागल्यावर फुलणारी हवी, आणि तिचं वजन साध्या हरणाला किमान ७० ग्रेन, एल्कला ८५. काडतूस कुठलं यावर भांडायला मला वेळ नाही. .२४३, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमोर, .३०८, .२७० यातलं जे तुमच्या गावच्या दुकानात बारमाही मिळतं ते घ्या. .२४३ हरणाला छान, एल्कला कायद्यात बसतं पण मी नेणार नाही. झालं. क्रीडमोरवाले आणि .२७०वाले खाली कमेंटमध्ये एकमेकांचं बघून घेतील, दर वेळी घेतातच.

आता रायफली. चारशे ते सहाशे डॉलरच्या आतबाहेर तीन नावं सगळीकडे दिसतील: सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट, रुगर अमेरिकन. थोडा खिसा सैल केलात तर फिनलंडची टिक्का टी-थ्री-एक्स लाइट. हो, टिक्का. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की आम्ही हॉटेलबद्दल बोलतोय. या सगळ्या बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीआधी बोल्ट हातानं मागंपुढं करायच्या, सगळ्या सहा ते सात पौंडांच्या मधल्या, आणि तुमच्या-माझ्या नेमापेक्षा सगळ्याच जास्त अचूक. टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो. ॲक्सिसचा दस्ता हाताला प्लास्टिकच्या टबासारखा लागतो, पण गोळी जिथं जायची तिथंच जाते. माझी ही रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, ७ एमएम-०८. कॉम्पॅक्ट का, तर मी पाच फूट एक इंच. नेहमीचा दस्ता घोड्यापासून खांद्यापर्यंत पावणेचौदा इंचांचा, हिचा साडेबारा. ज्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तिथल्या माणसानं माझी उंची बघितली नाही, बाई बघितली आणि गुलाबी दस्त्याची रायफल पुढं केली. दस्ता पावणेचौदाचाच! अहो, गुलाबी अंगावर घालीन की. शिकारीत इतरांना लांबून दिसावं म्हणून घालायच्या भगभगीत केशरी कपड्याऐवजी भगभगीत गुलाबी इथं २०१६ पासून कायद्यानं चालतं. पण दस्ता खांद्याला लागायला नको?

असो. हा व्हिडिओ मुळात काढलाय तो या काट्यासाठी.

(हातकाटा उचलून दाखवते.)

हा काटा तुमच्या प्रत्येकाच्या घरी आहे. भारतात जाताना तेवीस किलोच्या धास्तीनं चार-चार वेळा बॅग उचलता ना, तोच हा. लोणच्याची बरणी मोजता, रायफल का मोजत नाही? कॅटलॉगात लिहितात सहा पौंड. सहा पौंड कशाचे? नुसत्या रायफलीचे. वर दुर्बीण नाही, ती धरणाऱ्या रिंगा नाहीत, पट्टा नाही, काडतुसं नाहीत. तशी रायफल घेऊन डोंगरात कोण जातं?

माझाच हिशेब सांगते. सोळा औंसांचा एक पौंड. रायफल ९६ औंस. दुकानदारानं गळ्यात मारलेली सहा-ते-चोवीस पट दाखवणारी दुर्बीण २८ औंस. तिच्या जाडजूड रिंगा ८. बायपॉड, म्हणजे पुढचे दोन पाय, १३. पट्टा ५, चार काडतुसं ४. बेरीज करा. १५४ औंस, नऊ पौंड दहा औंस! हलकी रायफल म्हणून घेतली होती मी. हे ओझं घेऊन दहा हजार फुटांवर दोन दिवस चालले. डेन्व्हरच पाच हजारांवर आहे, त्यामुळे मला वाटलं होतं आपल्याला सवय आहे. कसली सवय. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रायफल काठीसारखी टेकत होते. नवऱ्यानं ते बघितलं आणि शहाण्यासारखा गप्प राहिला.

आणि त्याच संध्याकाळी म्यूल डिअरचा नर समोर. दीडशे यार्डांच्या आत, आडवा उभा. मी रायफल लावली आणि दुर्बिणीत दिसलं काय, तर झुडूप. नुसतं झुडूप. दुर्बीण राहिली होती चोवीसवर. एवढ्या जवळ चोवीस पट म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघण्यासारखं. मी हरीण शोधतेय, डावीकडे, उजवीकडे, आणि नवरा मागून म्हणतो, "गेलं ते." तेव्हा वजन नुसतं पायालाच लागत नाही. जे वजन तुम्ही वर चढवता ते बहुतेक वेळा लागत नसलेल्या वस्तूचं असतं. आता हिच्यावर तीन-ते-नऊची दुर्बीण आहे, १२ औंसांची. रिंगा ४ च्या. बायपॉड काढून टाकला, पाठीवरची बॅग जमिनीवर टाकते आणि तिच्यावर टेकवते. १२१ औंस, साडेसात पौंडांवर एक औंस. रायफल तीच आहे बरं का. दोन पौंड उतरले ते सगळे स्क्रू-ड्रायव्हरनं.

हेच पैशानं बघा. बरेच जण लिहितात, "ताई, टिक्का घ्यायची आहे पण बजेट नाही, मग साध्या रायफलीचा दस्ता बदलून कार्बन फायबरचा घालू का?" नुसता तो दस्ताच पाचशे-सहाशे डॉलर खातो. रायफलीवर रायफलीएवढे पैसे, आणि वाचतं किती, तर काही औंस. त्याऐवजी दुर्बीण हलकी घेतलीत तर ती स्वस्तही पडते. ही जगातली एकमेव जागा असेल जिथं हलकं ते महाग नाही! तीन-ते-नऊची चांगली दुर्बीण दोनशे-तीनशे डॉलरला येते आणि चोवीसवाल्या धेंडापेक्षा निम्म्याहून कमी भरते. एकानं लिहिलं होतं, "लांबचा नेम कसा धरणार?" दादा, तुम्ही रेंजवर शंभर यार्डांवर बसून मारता, मीही तिथंच असते, मी बघते तुमचे निशाण्याचे कागद. लांबचं लांब राहू द्या.

आता तिसरी बाजू, आणि इथं माझ्याच बोलण्याला मी थोडा आवर घालणार आहे. हे ऐकून काही जण पार टोकाला जातात. पाच पौंडांची रायफल शोधतात. मिळते, महाग मिळते, पण मिळते. काडतूस तेच ठेवून पूर्ण लवाजमा आठ पौंडांवरून सहावर आणलात, तर मागं बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते. हे मत नाही, गणित आहे. आमच्या दिरांनी असली पिसासारखी रायफल घेतली, तीही .३०० विन मॅग या दणकट काडतुसाची. "वहिनी, उचलून बघा!" उचलली. खरंच पीस. रेंजवर त्यांनी पहिली गोळी झाडली आणि दुर्बिणीची कड भुवईवर येऊन बसली. मधोमध, कपाळाला चंद्रकोर. पैठणी नेसवून उभं केलं असतं तर शोभली असती. तीन टाके. पण टाके भरतात हो, भीती नाही भरत. त्यानंतर ते घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतात, रायफल कुठलीही असो.

तुम्ही दचकता का हे बघायचं असेल तर रेंजवर सोबत्याला तुमच्या नकळत कधी खरं काडतूस, कधी खोटं भरायला सांगा. नळी निशाण्याकडेच, नियम सगळे तेच. खोट्यावर नुसतं "टक्" होतं तेव्हा नळीचं तोंड खाली झुकलं, की समजायचं धक्का डोक्यात बसलाय. माझं झुकलं होतं. व्हिडिओ आहे नवऱ्याकडे, तो मिळणार नाही. तेव्हा माझं मत विचाराल तर सगळं मिळून सात ते आठ पौंड. साडेसहाच्या खाली जायचं तर सौम्य काडतूस घ्या. आणि "मझल ब्रेक (नळीच्या टोकाला लावायचा भोकांचा तुकडा) लावला की धक्का जातो" असं लिहिणाऱ्यांनो, जातो, पण तुमच्या कानात. शेजारच्याच्याही.

हलक्या रायफलीची बारीक नळी लवकर तापते, एवढंही लक्षात ठेवा. तीन गोळ्या, मग बोल्ट उघडा ठेवून गप्पा मारा. वीस गोळ्या सलग झाडून "रायफल खराब निघाली" असा रिव्ह्यू टाकणारे मला फार भेटतात.

चला, मोजून दाखवते आणि उठते.

(पट्ट्याला हूक अडकवून रायफल उचलते.)

किती दिसतंय... दोन पॉइंट... एवढं कमी कसं? काडतुसं नाहीत हे खरं, तरी तीनच्या वर यायला हवं.

अगं बाई, बोल्ट!

(बोल्ट बसवते, पुन्हा उचलते.)

तीन पॉइंट तीन किलो. बघितलंत? एवढा आरडाओरडा करून मीच एक वस्तू मोजायची विसरले. हे कापणार नाहीये मी, राहू दे. काटा मात्र आता परत वर ठेवते, डिसेंबरात आईकडे जायचंय आणि सासूबाईंनी बदामांची पाकिटं आतापासूनच आणून ठेवलीत.