स्पंज किती ओला हवा

(दृश्य : ओट्यावर अर्धवट चिरलेली भाजी, शेजारी झाकण न लावलेला कुकर.)

कंपवात म्हटलं की थरथरता हात आठवतो. पण कितीतरी घरांत जास्त जाचते ती वेगळीच गोष्ट. कुकर लावायचा, तो होईतो कणीक मळायची, मधेच फोडणीकडे बघायचं. इतकी वर्षं न चुकलेला हा मेळ आता बसत नाही. भाजी कशी करायची ते माहीत असतं. आधी काय आणि मग काय, ते सुटतं. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धीला धक्का लागत नाही असं लिहिलं. ते खरं नव्हतं. तरी आजही अशा तक्रारीला ‘वय झालं’ एवढंच उत्तर मिळतं.

या आजारात मेंदूच्या खोल भागात डोपामिन हे रसायन कमी पडतं. तिथले धागे कपाळामागच्या भागाशी जोडलेले. आखणी करणं, लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नेणं, चार गोष्टी मनात धरणं ही कामं त्या भागाची. म्हणून बाहेरून विजेचं किंवा चुंबकाचं उत्तेजन तिथे देऊन पाहतात.

(दृश्य : टेप, मार्कर, दोन स्पंज, सलाइनची बाटली.)

टीडीसीएस म्हणजे डोक्यावर बसवलेल्या दोन ओल्या स्पंजांतून सोडलेला सौम्य विद्युतप्रवाह. २ मिलिअँपियर, २० मिनिटं. एवढ्याने पेशी आपण होऊन काम करू लागत नाही, फक्त कामाला जरा लवकर उठते. त्यातलाही बराच प्रवाह कातडीतूनच निघून जातो, त्यामुळे जागा अंदाजाने धरून चालत नाही. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दोन्हींचे मध्य जिथे मिळतात तो माथा. तिथून पुढे, डावीकडे मोजून एफ-३ हा बिंदू काढतात. धन स्पंज तिथे, ऋण स्पंज उजव्या भुवईच्या वर.

आता स्पंज. ५ बाय ७ सेंटिमीटरच्या एका स्पंजला सलाइन साधारण १२ मिलिलिटर, दोन्ही बाजू मिळून. कमी पडलं तर प्रवाह जिथे ओल आहे तेवढ्याच जागी एकवटतो आणि कातडी भाजते. जास्त झालं तर पाणी केसांतून ओघळतं, प्रवाह त्या ओलीबरोबर पसरतो आणि मोजून काढलेल्या जागेला अर्थ उरत नाही. डोक्याला तेल असेल तर रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, चढाच राहतो; न्हाऊन, तेल न लावता यायला आधीच सांगावं. रोध १० किलोओहमच्या वर दिसला तर सुरू करू नका. केस बाजूला सारा, स्पंज पुन्हा बसवा.

(दृश्य : पडद्यावर एकेक अक्षर येतं आणि जातं.)

प्रवाह ३० सेकंदांत हळूहळू चढवतात. मुंग्या येतात, खाज सुटते, थोड्या वेळाने कमी होते. या २० मिनिटांत रुग्णाला नुसतं बसवून ठेवू नये. पेशी कामात असेल तरच त्या तयारीचा उपयोग. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ रुग्ण होते. समोरचं अक्षर तीन अक्षरांआधी आलेलंच आहे का, ते ओळखायचं. २ मिलिअँपियरला उत्तरं जास्त अचूक आली, १ ला नाही.

पण पडद्यावर अक्षरं ओळखता आली म्हणजे ओट्यावरचा मेळ बसला असं नव्हे. नंतरचे बरेच प्रयोग छोटे आहेत आणि निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. खात्रीचा उपचार म्हणून कुणी याचे पैसे घेत असेल तर ते चूक आहे. तीच चाचणी पुन्हा दिली की सरावानेही गुण वाढतात, म्हणून दरवेळी निराळी प्रत हवी. लेव्होडोपाची (डोपामिनची उणीव भरून काढणारी) गोळी घेऊन किती वेळ झाला, तेही प्रत्येक सत्रात सारखंच ठेवावं लागतं.

आणि या सगळ्याआधी औषधांची यादी काढा. कंप थांबवायला दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल वयस्कर माणसाची स्मरणशक्ती मंदावू शकते. ती डॉक्टरांना विचारून, हळूहळूच कमी करायची. मनाने एकदम बंद नाही.

आरटीएमएस ही चुंबकीय पद्धत. तिच्यात पेशी खरोखर उद्दीपित होतात, त्यामुळे फिट येण्याचा धोका कमी असला तरी असतो. डोक्यात धातू किंवा डीबीएसच्या, म्हणजे शस्त्रक्रियेने मेंदूत खोल बसवलेल्या, तारा असतील तर ते आधी सांगायलाच हवं.

(दृश्य : कपाळावर किंचित लाल चौकोन.)

२० मिनिटं झाली. प्रवाह आला तसाच हळू उतरवायचा, मग स्पंज काढायचे. ही लाली थोड्या वेळात जाते. मात्र बोटाने चाचपून बघा, फोड किंवा कोरडा डाग लागला तर उद्याचं सत्र रद्द.