नेरळ, आठ बाय चार

हे प्लायवर दिसतंय ना, ते नेरळ स्टेशनचं रेल्वे मॉडेल आहे. म्हणजे व्हायचंय अजून. या बाजूला कर्जत लोकलचा ब्रॉडगेज, दोन रुळांत १६७६ मिलिमीटर, आणि शेजारी माथेरानच्या मिनी ट्रेनचा नॅरोगेज, फक्त ६१०. दोन्ही एकाच स्टेशनात बघायला मिळतात म्हणून तर नेरळ निवडलं, आणि तिथेच फसलो.

स्केल १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, मॉडेलवाले याला एचओ म्हणतात. हिशोबाने ब्रॉडगेज १९ मिलिमीटरच्या वर यायला हवा पण तयार ट्रॅक मिळतो साडेसोळाचा, आणि नॅरोगेज ७ हवा तर मिळतो ९ चा. मोठा बारीक झाला नि बारीक मोठा झाला. जाणकार लगेच पकडतात, पकडू देत.

लोकलचं तर विचारूच नका, १२ डबे म्हणजे मॉडेलमध्ये पावणेतीन मीटरच्या पुढे, आणि माझा प्लाय आठ फूट, मग काय, पाच डब्यांवर भागवलं. खडी मात्र खरी आहे, काळा दगड कुटून चहाच्या गाळणीने चाळलेला, वरून पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडायचं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर ते नुसतं वर गोळा होऊन बसतं.

माथेरानच्या घाटात मिनी ट्रेनचा चढ १:२० पर्यंत जातो, म्हणजे इथे मीटरभरात पाच सेंटीमीटर. ऐकायला काहीच नाही, पण पहिल्या दिवशी इंजिन जागेवरच चाकं गरगरवत उभं. शेवटी टायरवाल्याकडून बॅलन्सिंगची शिशाची वजनं आणली, बॉडीत कोंबली, तेव्हा कुठे तीन डबे घेऊन चढलं.

आता रंग. डोंगर थर्माकोल आणि प्लास्टरचा, वर रंगवलेला भुसा, आणि मी आपला मस्त हिरवागार करून मोकळा झालो, धबधबासुद्धा केला. मग एका मित्राने विचारलं, अरे पावसाळ्यात नेरळवरून गाडी सुटते कुठे? बरोबरच होतं की त्याचं. पावसात घाट बंद, शटल चालते ती वर अमन लॉज ते माथेरान एवढीच. म्हणजे माझ्या नेरळात डोंगर जुलैचा आणि गाडी डिसेंबरची.

दोन रविवार भुसा खरवडण्यात गेले. आता गवत पिवळं, माती लाल, धबधब्याच्या जागी नुसता काळा ओघळ. प्लॅटफॉर्ममागच्या गटाराकडेला तेवढं हिरवं ठेवलंय. तिथे बारा महिने असतंच.