रामकुंडावरच्या वह्या आणि निधनवार्तांची कात्रणं

रामकुंड. पिंडदान झालं, अस्थी गोदावरीत सोडल्या, आणि आता उपाध्ये यजमानांच्या वंशावळीची वही उघडतात. पानं कशी लावलीत पाहा: आधी गाव, मग आडनाव. म्हणून वंशावळ शोधणाऱ्यानं मूळ गाव पक्कं करूनच घाटावर यावं. पणजोबा सिन्नरहून नाशकात आले असतील, तर नोंद सिन्नरच्या पानांत. त्या गावचे उपाध्ये कोण, हे इथं विचारलं की कळतं.

नोंदीत यजमान, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, आणि खाली यजमानाची स्वतःची सही. तीन-चार पिढ्या एका पानावर! जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा बरोबर हवा. साल शकाचं असतं. चैत्र ते मार्गशीर्ष असेल तर 78 मिळवायचे, त्यापुढच्या महिन्यांना बहुधा 79. शके 1872 चा माघ म्हणजे 1951. मात्र ही तारीख घाटावर आल्याची, मृत्यूची नव्हे. अस्थी कधी कधी महिन्यांनी येतात.

घडीवरची अक्षरं पुसट झालेली दिसतात ना? हे पान गेलं तर दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. उपाध्यांच्या परवानगीनं या वह्यांची छायाचित्रं आत्ताच घेतली गेली पाहिजेत. आणि आज नोंद देताना लेकी-सुनांची नावंही सांगा. जुन्या पानांवर त्या फारशा सापडत नाहीत.

मृत्यूची तारीख वर्तमानपत्रात शोधायची. बांधीव फाइल नाशिक आवृत्तीचीच मागा. पुण्याच्या फायलीत इथल्या निधनवार्ता क्वचितच असतात. विवाहितेची वार्ता सासरच्या नावाखाली पाहा. दशक्रियेची जाहिरात मिळाली तर मृत्यूचा दिवस पहिला धरून मागे मोजा: दशक्रिया 14 तारखेला, तर मृत्यू बहुधा 5 ला. वर्षश्राद्ध तिथीनं होतं. ते तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येतं, मध्ये अधिक मास पडला तर अठरा-एकोणीस दिवस नंतर. एवढ्या फरकानं माणसं चुकीच्या महिन्याची फाइल चाळत बसतात.

वारस नोंदीला मात्र मृत्यूचा दाखला लागतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद मृत्यू झाला तिथं होते. निफाडचा माणूस नाशिकच्या रुग्णालयात वारला असेल, तर नाशिक महापालिकेत विचारा. या कायद्याआधीच्या खेड्यातल्या मृत्यूंसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा.