14 सेकंद उशीर

श्रोतेहो, नमस्कार.

नवा हंगाम तोंडावर आला की फुटबॉलच्या बातम्यांत दोनच क्रियापदं उरतात. आला आणि गेला. अमका आला, तमका गेला. सोबत एक फोटो असतो. गळ्यात क्लबचा मफलर, हातात जर्सी, शेजारी सूट घातलेला कुणी पदाधिकारी. पण फोटो निघाला म्हणजे खेळाडू मैदानात उतरायला मोकळा झाला, असं नाही. सही वेगळी, नोंदणी वेगळी. आज तुम्हाला जे काही सांगणार आहे ते या चार शब्दांभोवतीच फिरणार आहे, म्हणून पुन्हा म्हणतो. सही वेगळी, नोंदणी वेगळी.

क्लब आपल्या ताफ्याची मोजदाद कशी करतो ते आधी थोडक्यात पाहू. प्रत्येक जागेला दोन माणसं आणि वर तीन गोलरक्षक, हा ढोबळ हिशोब. प्रत्येक नावापुढे तीन आकडे लिहिलेले असतात. वय किती, करार कोणत्या वर्षी संपतो आणि गेल्या हंगामात किती मिनिटं खेळला. सामने नाही मोजायचे, मिनिटं मोजायची. शेवटची पाच मिनिटं मैदानात येऊन गेलेल्याच्या खात्यावरही एक सामना लागतोच, त्यामुळे सामन्यांचा आकडा फसवा असतो.

तिन्हींत सगळ्यात धारदार आकडा कराराचा. डिसेंबर 1995 मध्ये युरोपच्या न्यायालयाने बोसमन नावाच्या खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो. शिवाय फिफाच्या नियमानुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी बोलणी करून पुढचा करार ठरवू शकतो. म्हणजे ज्याच्या कराराचं एकच वर्ष उरलंय, त्याच्याबाबत क्लबने याच उन्हाळ्यात काय ते ठरवायचं. नवा करार द्यायचा, नाहीतर विकायचा. मधे लोंबकळत ठेवला की पुढच्या उन्हाळ्यात हात हलवत बसायचं.

खरेदीची पायरी तुम्ही ऐकून असालच. दोन क्लबांमध्ये किंमत आणि हप्ते ठरतात. मग खेळाडूचा पगार. मग वैद्यकीय तपासणी, म्हणजे ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, रक्त, गुडघ्यांचा आणि घोट्यांचा एमआरआय. मग सही आणि फोटो. लोकांना वाटतं इथे संपलं. खेळाडू परदेशातून येत असेल तर खरं काम इथून सुरू होतं. फिफाची ट्रान्सफर मॅचिंग सिस्टीम आहे, टीएमएस म्हणतात तिला, ऑक्टोबर 2010 पासून सक्तीची. तिच्यात विकणारा क्लब आपली माहिती भरतो आणि घेणारा आपली भरतो. दोन्हीकडची माहिती तंतोतंत जुळावी लागते. रक्कम जुळली पाहिजे, हप्त्यांच्या तारखा जुळल्या पाहिजेत. एका बाजूने हप्ता पहिल्या तारखेचा लिहिला आणि दुसऱ्याने पंधराचा, की गाडी अडली. शिवाय करारनामा, ओळखीचा पुरावा, खेळाडूवर तिसऱ्या कुणाची आर्थिक मालकी नाही याचं निवेदन, हे सगळं जोडायचं. मग जुन्या देशाचा महासंघ नव्या देशाच्या महासंघाला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र पाठवतो आणि तेव्हा कुठे नोंदणी पुरी होते.

ही यंत्रणा सुटसुटीत वाटते ना? तर मग लेस्टर सिटीची गोष्ट ऐका.

2016 साली लेस्टरने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. हंगामाआधी सट्टेबाज या क्लबवर एकास 5000 असा भाव देत होते. त्या संघाच्या मधल्या फळीत दोघं होते, एन्गोलो कान्टे आणि डॅनी ड्रिंकवॉटर. कान्टे धावून धावून चेंडू हिसकावायचा, ड्रिंकवॉटर तो लांब पुढे टाकायचा आणि जेमी वार्डी त्याच्यामागे सुटायचा. विजेतेपदानंतरच्या उन्हाळ्यात चेल्सीने कान्टेला सव्वातीन कोटी पौंडांच्या आसपास मोजून नेलं. लेस्टरने त्याच्या जागी नीसहून नाम्पालीस मेंडीला आणलं, पण ऑगस्टमध्येच त्याचा घोटा दुखावला. मग जानेवारी 2017 मध्ये बेल्जियमच्या गेंक क्लबहून विल्फ्रेड एन्डिडीला आणलं, आणि भोक बुजलं. मधे निम्मा हंगाम गेला. गतविजेता लेस्टर त्या हंगामात 12 वा आला.

पुढचा उन्हाळा आला, 2017 चा. चेल्सीने आता दुसऱ्यावर नजर टाकली, ड्रिंकवॉटरवर. यामागे साधं गणित होतं. प्रीमियर लीगच्या यादीत 25 जण बसतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 17 जण बाहेर घडलेले चालतात. उरलेल्या जागा इंग्लंड किंवा वेल्समधल्या क्लबांत घडलेल्यांसाठी, आणि तसे खेळाडू नसतील तर त्या जागा रिकाम्या राहतात. घडलेला म्हणजे एकविसाव्या वर्षाच्या आधी तिथल्या क्लबकडे तीन वर्षं नोंद असलेला. पासपोर्ट कुठलाही असो, बघायची ती नोंद. ड्रिंकवॉटर मँचेस्टर युनायटेडच्या तालमीत वाढलेला, म्हणून या कसोटीत बसणारा. अशा खेळाडूंची किंमत बाजारात हमखास फुगते.

(जाता जाता. तिसरा गोलरक्षक ही फुटबॉलमधली मला सगळ्यात आवडती नोकरी आहे. रॉब ग्रीन 2018 मध्ये चेल्सीत आला, पूर्ण हंगामात एकही अधिकृत सामना खेळला नाही, आणि 2019 चा युरोपा लीग चषक मात्र इतरांबरोबर उचलून आला. घडलेल्या इंग्लिश खेळाडूची एक जागा भरली, आणि सरावात दोन गोलरक्षकांना जोडीदार मिळाला. लोक हसले, पण क्लबने विचार करूनच घेतला होता.)

तर, ड्रिंकवॉटर. 31 ऑगस्ट 2017, विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत, बंद होण्याचा दिवस. साडेतीन कोटी पौंडांना तो चेल्सीला जाणार हे पक्कं होत गेलं. आता लेस्टरला बदली हवा. तो त्यांनी शोधून ठेवला होता. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचा कप्तान आद्रिएन सिल्वा. 2016 च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोर्तुगालकडून सुरुवातीच्या अकरा जणांत खेळलेला, फ्रान्सला फ्रान्समध्ये हरवणाऱ्या संघातला. किंमत दोन कोटी पौंडांच्या वर.

पण इथे एक साखळी आहे, ती नीट ऐका. ड्रिंकवॉटर गेल्याशिवाय सिल्वाची जागा रिकामी होत नाही. चेल्सीने होकार दिल्याशिवाय ड्रिंकवॉटर जात नाही. चेल्सी शेवटच्या दिवसापर्यंत ताणते. म्हणजे साखळीतला पहिला मणी उशिरा सरकला की शेवटचा मणी मध्यरात्री सरकणार. आणि सिल्वा तर परदेशातून येणार, म्हणजे टीएमएसमधून. ड्रिंकवॉटरचं तसं नव्हतं, इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये जाणाऱ्याला फिफाचा संगणक आडवा येत नाही.

कागद जमा झाले. सिल्वाची सही झाली. कागद फिफाच्या संगणकात पोचले तेव्हा मुदत संपून 14 सेकंद झाले होते.

14 सेकंद. एक गोल किक घेऊन होईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाही नाही.

लेस्टरने विनंती केली, अपील केलं. फिफा बधली नाही. फिफाचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. 14 सेकंद माफ केले तर 40 सेकंदवाला दारात उभा राहणार, मग दोन मिनिटंवाला. (तरीही विंडो बंद होताना टीव्हीवर घड्याळ उलटं मोजत बसणाऱ्या आणि त्याचा तमाशा करणाऱ्या मंडळींवर माझा राग आहे. त्या घड्याळाच्या नादात सगळे जण शेवटच्या तासाची वाट बघायला शिकले. काम जुलैत होतं, आणि जुलैत ते कुणाला दाखवायचं नसतं.)

मग झालं काय? सिल्वा लेस्टरचा होता, पण लेस्टरकडून खेळू शकत नव्हता. स्पोर्टिंगचा तो राहिला नव्हता, म्हणून तिकडेही जायची सोय नव्हती. सही होती, नोंदणी नव्हती. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तो सरावाला यायचा, संघाबरोबर धावायचा आणि सामन्याच्या दिवशी घरी. आणि सराव म्हणजे सामना नव्हे. स्पर्धेच्या सामन्यातल्या अचानक वळणांचा, धक्क्यांचा, शेवटच्या 20 मिनिटांत जड झालेल्या पायांचा सराव सरावात होत नाही. त्यातून त्याला आणणारा प्रशिक्षक क्रेग शेक्सपियर ऑक्टोबरमध्येच गेला आणि क्लॉड प्युएल आला. नव्या प्रशिक्षकाने पहिले दोन महिने त्याला फक्त सरावातच पाहिला.

1 जानेवारी 2018 ला विंडो उघडली आणि त्याच दिवशी हडर्सफील्डविरुद्ध सिल्वा बदली म्हणून उतरला. लेस्टरने तो सामना 3-0 जिंकला. त्याच्या पाठीवर आकडा होता 14.

चेल्सीकडेही पाहू या, कारण गोष्टीचं दुसरं टोक तिथे आहे. ड्रिंकवॉटरला तिथे गेल्या गेल्या पोटरीच्या दुखापतीने गाठलं. पाच वर्षांच्या करारात तो चेल्सीकडून लीगचे फक्त 12 सामने खेळला, तेही सगळे पहिल्याच हंगामात. मग एका क्लबहून दुसऱ्या क्लबला लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना. साडेतीन कोटी पौंड पाच वर्षांत वाटले तर वहीत दरवर्षी 70 लाखांचा खर्च लागतो, तो खेळो वा न खेळो. पैशाचा हा हिशोब एवढ्यावरच समजून घ्या. विकत घेतलेल्याची किंमत कराराच्या वर्षांत विभागून जाते, आणि विकल्यावर उरलेली किंमत वजा करून नफा मोजतात. अकादमीतून आलेल्याची वहीतली किंमत शून्य असते, म्हणून त्याच्या विक्रीची जवळपास सगळी रक्कम नफ्यात जाते. आपल्या मुशीत वाढलेली पोरं क्लब आधी का विकतात, याचं उत्तर हेच. मला ते पटत नाही, पण ताळेबंदाला पटतं.

आणि सिल्वाचं पुढे काय झालं? जानेवारी 2019 मध्ये तो लोनवर मोनॅकोला गेला. त्याच व्यवहारात मोनॅकोकडून लोनवर लेस्टरला आला युरी टिलेमान्स नावाचा बेल्जियन पोरगा. त्या उन्हाळ्यात लेस्टरने त्याला कायमचं विकत घेतलं. 15 मे 2021 ला वेम्ब्लीवर एफए कप अंतिम सामन्यात लांबून एकच गोल झाला, लेस्टरने आपल्या इतिहासात पहिल्यांदाच तो चषक जिंकला. गोल टिलेमान्सचा. समोर होती चेल्सी.

असो. वेळ सरत आलाय आणि दोन कामाच्या गोष्टी राहिल्यात.

पहिली, लोनची. 2022 पासून फिफाने परदेशी लोनवर मर्यादा घातली. ती आठवरून पायरीपायरीने खाली आली आणि जुलै 2024 पासून एका क्लबला सहाच जण परदेशी लोनवर पाठवता येतात आणि सहाच घेता येतात. एकाच क्लबशी हा व्यवहार तिघांपुरताच. तरुण खेळाडू आणि आपल्याच क्लबात घडलेले यातून सुटतात. म्हणून लोन करारातलं कलम वाचायला हवं. मधेच परत बोलावता येतं का, पगाराचा किती हिस्सा कोण देतो. प्रीमियर लीगमध्येच लोनवर गेलेला खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, उशिरा आलेल्याची. हंगामपूर्व तयारी साधारण पाच-सहा आठवड्यांची असते. सरावसामन्यांत मिनिटं चढवत नेतात. आधी 45, मग 60, मग 75, मग पूर्ण 90. शेवटच्या दिवशी आलेल्याला ही शिडी मिळत नाही, तो थेट वरच्या पायरीवर उभा राहतो. मांडीमागचा स्नायू बहुधा तेव्हाच ताणला जातो. (क्लब याच सहा आठवड्यांत तिकिटांसाठी अर्ध्या जगाचा विमानप्रवास करवतात, त्याबद्दल मला काय वाटतं ते सांगायला बसलो तर पुढचा कार्यक्रम बुडेल.)

सप्टेंबरमध्ये प्रीमियर लीग प्रत्येक क्लबची 25 जणांची यादी जाहीर करते. 21 वर्षांखालचे त्यात लिहावे लागत नाहीत, म्हणून एखादं पोरगं दिसलं नाही तर घाबरू नका. नाव ज्याचं दिसायला हवं होतं आणि नाही, त्याच्यावर बोट ठेवा. त्याच्या पगाराची तारीख दर महिन्याला येतच राहणार, आणि जानेवारीपर्यंत लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला येणार नाही.

नमस्कार.