रुईच्या पानाचा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

फाल्गुन सरला की आपल्याकडची काळी जमीन उघडी पडते. पऱ्हाट्या उपटल्या जातात, तूर घरात येते आणि मृगाच्या पावसापर्यंत शिवारात हिरवे असे फारसे काही उरत नाही. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना दुपारभर दार लोटून आपण ज्या भिंतींकडे पाहत बसतो, त्यांना मंद हिरवा रंग द्यावा का, याविषयी आज बोलायचे आहे.

दुकानात या रंगाला ‘सेज ग्रीन’ म्हणतात. सेज ही भूमध्य सागराकाठची सुगंधी वनस्पती. ती आपल्या बांधावर नाही, पण रुई आहे. रुईच्या पानावरून अंगठा फिरवला तर पांढुरका थर पुसला जातो आणि खालचा गडद हिरवा दिसू लागतो. (चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नये.) तो थर असतानाचा जो रंग, तो आपला आजचा विषय. त्यात हिरव्याइतकेच महत्त्व राखाडीला आहे. राखाडी कमी पडली की रंग पोपटाकडे झुकतो, आणि चारही भिंती पोपटी असलेल्या खोलीत बसणे किती कठीण असते, हे लग्नघाईत रंगवलेल्या घरांत आपण अनुभवले असेलच.

तसा हा रंग आपल्याला परका नाही. भिजवलेल्या चुन्यात पिवळी माती आणि चिमूटभर भुकटीची नीळ कालवली की असाच मळकट हिरवा तयार होतो. चुना तीव्र क्षारधर्मी असल्यामुळे त्यात पुष्कळ रंग फिके पडतात, परंतु ही दोन्ही द्रव्ये टिकतात. चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो, म्हणून पहिला हात पाहून घाबरून जाऊ नये.

माझी स्वतःची चूक सांगतो. माजघरासाठी मी दुकानातील पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, बोटभर रुंदीच्या पट्टीवरून रंग निवडला. मशीनने थेंब मोजून तो अचूक तयार केला. तक्रारीला जागाच नव्हती. पण आमच्या माजघराला एकच लहान खिडकी, तीही उत्तरेची. भिंतीवर तो रंग दवाखान्याच्या पडद्यासारखा निस्तेज दिसू लागला, आणि संध्याकाळी पिवळा दिवा लावला की शेवाळलेल्या हौदासारखा. दुसऱ्यांदा मात्र शहाणपणा केला. लहान डबा आणून दोन हात दाराजवळ आणि दोन हात कोपऱ्यात, दोन फूट लांब-रुंद चौकोनात दिले, आणि दोन दिवस सकाळ, दुपार, रात्र पाहिले. शेवटी एक छटा फिकट रंग घेतला आणि छत पांढरेच ठेवले. आता सागवानी चौकटीचा तांबूस तपकिरी रंग त्या भिंतीवर उठून दिसतो आणि कोटा फरशीही त्याच्याशी जुळते.

या रंगाने खोली थंड होते असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. डोळ्यांना गारवा वाटतो एवढेच. तापमान उतरवायचे असेल तर स्लॅबवर पांढरा चुना मारावा.

भिंतीला लोणा फुटत असेल, तर आधी ओल कुठून येते ते शोधावे. ओलसर भिंतीवर प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट दिला की पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला चुनाच सोसतो, कारण त्यातून वाफ बाहेर पडू शकते. नव्या सिमेंट प्लास्टरला किमान महिनाभर वाळू द्यावे.

दार-खिडक्यांवर जुना हिरवा ऑइल पेंट असेल तर तो कोरडा खरवडू नये. पूर्वी हिरवा रंग बऱ्याचदा शिसेयुक्त पिवळ्यात निळा मिसळून केला जात असे, आणि ती धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. पाणी लावून पॉलिश पेपरने घासावे आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवावे. घरगुती रंगांत शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा आपल्याकडील नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. नवा डबा घेताना त्यावरचा तसा उल्लेख वाचून घ्यावा.

काम संपल्यावर डब्याच्या झाकणावरचा छटेचा क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. पोळ्याला भिंतीवर हळदीचा हात उमटला की तो लागतोच.

नमस्कार.