जुन्या कादंबरीचं ई-बुक, रीतसर

नमस्कार श्रोतेहो. जुनी कादंबरी फोनवर किंवा किंडलवर वाचायची आहे, फुकट्या पीडीएफच्या वाटेला जायचं नाही. मग दुकान शोधण्याआधी एक साल शोधा: लेखक कधी वारले?

हयातीत छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीतली पुस्तकं २०११ पासून खुली आहेत. ती विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात खुशाल शोधा. वि. स. खांडेकर गेले १९७६ साली, त्यांच्या कादंबऱ्या २०३७ च्या १ जानेवारीला खुल्या होतील. तोवर विकतच घ्यायच्या. अनुवाद असेल तर अनुवादकाचं साल वेगळं मोजावं लागतं, इथे बरेच जण फसतात.

विकत घ्यायचं तर बुकगंगा, गूगल प्ले बुक्स आणि किंडल, तिन्हीकडे पाहा. एकदा नाव टाकून मिळालं नाही की सोडू नका. ‘वि. स.’, ‘वि.स.’ आणि पूर्ण नाव यांचे निकाल वेगळे येऊ शकतात. नुसतं आडनाव आणि शीर्षकातला एक शब्द टाका, मग तेच रोमन लिपीत. ऱ्हस्व-दीर्घही बदलून पाहा.

सापडलं? पैसे भरण्याआधी नमुना उतरवा आणि अक्षर मोठं करून बघा. ओळी नव्याने जुळल्या तर ठीक. पान जसंच्या तसं फुगलं, तर ती छापील पानांची चित्रं आहेत आणि लहान फोनवर डोळे दुखणार. बरीच जुनी मराठी पुस्तकं युनिकोडआधीच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताआधीच्या, फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. ती नव्याने टाइप करून, मुद्रितं तपासून घेण्याचा खर्च टाळला की असं होतं.

कुठेच नसेल तर बहुधा हक्काचा घोळ असतो. जुन्या करारात ई-बुकचा उल्लेख कुठून असणार? कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केलं, की करारावेळी नसलेलं माध्यम त्यात नावानिशी नसेल तर त्याचा हक्क प्रकाशकाकडे जात नाही. मग वारसांची संमती हवी, आणि वारस चार गावी विखुरलेले! प्रकाशकाला पत्र लिहा: शीर्षक, आवृत्तीचं वर्ष, आणि ई-बुकचे हक्क कोणाकडे आहेत हा थेट प्रश्न. मागणी दिसल्याशिवाय कोणी वारसांच्या मागे लागत नाही.

इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर पुस्तकाचा स्कॅन दिसला म्हणजे परवानगी आहे, असं समजू नका. तिथेही लेखकाचं साल मोजाच. परदेशातल्या श्रोत्यांनी आणखी एक पाहावं: कॉपीराइटची मुदत देशागणिक बदलते. शिवाय प्रकाशकाने फक्त भारतापुरते हक्क दिले असतील, तर तुमच्या खात्यावरच्या देशात ते पुस्तक दिसणारच नाही.